मिठात ठेवलेला बाप

झिल्पा लीचचा बाप फेब्रुवारीत गेला आणि जूनअखेरपर्यंत मिठात राहिला. मूस बेटावरच्या लोकांनी नाकं मुरडली. झिल्पाने कोणालाच भीक घातली नाही.

चार वर्षांपूर्वी, अमेरिकेशी लढाई चालू असताना, इंग्रजांनी हे अमेरिकन बेट घेतलं आणि फर्मान काढलं, की राजाशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर सात दिवसांत चालते व्हा. गावाने निमूट शपथ घेतली. म्हातारा जोथम लीच होडीत बसला आणि समोरच्या अमेरिकन किनाऱ्यावर, लुबेकला, जाऊन राहिला. "त्या राजाचं निशाण आहे तोवर या मातीला माझा पाय लागायचा नाही," एवढंच म्हणाला. शपथ बायकांना कोण विचारतो? म्हणून हेरिंग मासे धुरावर वाळवायचं खोपट झिल्पाने सांभाळलं. बाप रोज भरतीला होडी आणायचा, किनाऱ्यापासून हातभर लांब थांबायचा आणि माशांच्या टोपल्या तिच्या हातात द्यायचा.

पुढे लढाई संपली, युरोपात तह झाला. सगळं ज्याचं त्याला परत मिळालं, हे एवढं बेट सोडून. ते कोणाचं, हे ठरवायला दोन साहेब नेमले. त्यांनी नकाशे चाळत वर्षं काढली आणि शेवटी बेट अमेरिकेचं ठरवलं, पण ताबा उन्हाळ्यात. म्हातारा तेवढा टिकला नाही.

हिवाळ्यात जमीन फावड्याला दाद देत नाही, त्यामुळे तिकडे मेलेली माणसं वसंतापर्यंत थांबतातच. पण माती मऊ झाली तरी झिल्पा हलेना. तेव्हा चर्चचे कारभारी, डीकन पील, समजूत घालायला आले. शपथेच्या रांगेत हे सगळ्यात पुढे होते.

"पोरी, इंग्रजांचा कप्तान भला माणूस आहे. परवानगी देतोय. आईशेजारी पुरून टाक की."

"परवानगी? स्वतःच्या मातीत जायला?"

"अगं, मेलेल्याला निशाण दिसतं का?"

"मला दिसतं ना!"

"बापाला माशासारखं खारवलंस. लोक शेण घालतायत तोंडात."

"माझा बाप मिठात चार महिने टिकेल, काका. तुमची निष्ठा सात दिवसही टिकली नाही."

डीकन तोंड पाडून गेले. दुसऱ्या दिवशी झिल्पाने लुबेकला जाऊन बापाच्या पेटीत आणखी मीठ ओतलं आणि तिथेच बसून रडली. "बाबा, एवढा उन्हाळ्यापर्यंत दम धरवला नाही तुम्हाला?"

तीस जूनला ढोल वाजले. एक निशाण उतरलं, दुसरं चढलं. डीकन पहिल्या रांगेत टोपी उडवत होते. भाषण ऐन रंगात आलं आणि झिल्पाची होडी किनाऱ्याला लागली.

नवा अमेरिकन अधिकारी धावत आला. "बाई, निदान भाषण तरी होऊ द्या!"

"आम्ही चार वर्षं थांबलो, साहेब. आता तुम्ही थांबा."

चौघांनी पेटी उचलली.

"अशी नको," झिल्पा म्हणाली. "पायांकडची बाजू आधी टेकवा."

पेटीचं ते टोक ओल्या वाळूत रुतलं. भाषण आपोआप बंद पडलं. झिल्पाने डोळे पुसले.

"आता चला. बाबा घरी आले."