शुक्रवारी संध्याकाळी माझ्यावर काय लिहिले होते

मित्रांनो, मी एक फळा आहे. जुना तर आहेच, पण आता इतका करडा पडलो आहे की माझ्यावर लिहिलेला एकचा आकडा कुठला आणि नुसता ओरखडा कुठला, हे मागच्या रांगेतल्या मुलींना ओळखू येत नाही. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत, पाचवीच्या वर्गात, दोन खिळ्यांवर मी टांगलेला आहे. मला माझी गोष्ट सांगायची आहे आणि लवकर सांगायची आहे. फळ्याला तोंड नसते असे मोठी माणसे म्हणतात. म्हणोत बापडी! तुम्हाला लाकडाचेही ऐकू येते हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म मोठ्या थाटाचा बरे का! इथल्या गिरणीसाठी विलायतेहून यंत्रे आली. ती ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या म्हणजे मी. समुद्र पाहून आलेला फळा साऱ्या सोलापुरात दुसरा नसेल. माझ्या पाठीवर अजून इंग्रजी अक्षरांचा शिक्का आहे, तोही उलटा. त्याच्या जोरावर मी स्वतःला फार विद्वान समजत असे. चनबसप्पा सुताराने चार फळ्या सांधल्या, रंधा मारला आणि माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "लाकूड सायबाचं हाय खरं, पन आता मराठी शिकावं लागंल की रं तुला!"

मी शिकलो. मला महिपती गुरुजींनी शिकवले.

मी आणि गुरुजी एकाच वर्षी शाळेत लागलो. ते माढ्याकडचे. उंचीने बेताचे, त्यामुळे वरची ओळ लिहिताना टाचा उचलत, आणि मुली तोंडाला पदर लावून हसत. त्यांची काळी टोपी दुपारपर्यंत पांढरी होई. खडू ते इतका शेवटपर्यंत वापरत की शेवटी नखच माझ्यावर कर्रकन वाजे. एखाद्या मुलीने माझ्यावर काही चुकीचे लिहिले तर ते पुसत नसत. शेजारी बरोबर शब्द लिहीत आणि म्हणत, "राहू दे तिला. शेजारीण म्हणून बसली तर काय बिघडलं?" मग ती मुलगी रडायची थांबे.

आमच्या वर्गात अर्ध्या मुलींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कानडी. गुरुजी प्रत्येकीशी तिच्या भाषेत बोलायला जात आणि हमखास चुकत. "रा अम्मा, कूर्चो," म्हणजे ये बाई, बस, असे ते माढ्याच्या हेलात म्हणाले की साळ्यांच्या मुली हसून लोळत. कमलम्मा तर एकदा चक्क उठून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तेलुगू बोलू नका, आमची आजी भिते!" गुरुजीच सगळ्यांत जास्त हसले.

ही कमलम्मा साखर पेठेतली. तिचे वडील मागावर लुगडी विणतात, आई त्यासाठी कांड्यांवर सूत गुंडाळते, म्हणजे कांड्या भरते. शाळेत आली तेव्हा तिला मराठीतले "या" आणि "जा" एवढेच येत होते. आता ती गल्लीतल्या सगळ्यांची पत्रे वाचून दाखवते. माझ्यावर तिचे अक्षर गुरुजींच्या अक्षराच्या खालोखाल शोभते. हे मी उगाच म्हणत नाही. अक्षराचे वजन ज्याच्यावर पडते त्याला ते कळते.

माझे दोन नियम होते, तेही सांगतो. पहिला सगळ्यांना ठाऊक होता. दर शनिवारी शाळा सुटली की एका मुलीने घरून कुटून आणलेला कोळसा आणि भोपळ्याचा पाला घेऊन मला घासायचे. पाल्याच्या रसात कोळसा असा मुरतो की सोमवारी मी नव्या कोऱ्या लुगड्यासारखा काळाभोर! दुसरा नियम फक्त गुरुजींना आणि मला माहीत होता. मुली घरी गेल्या की ते स्वतः मला पुसत. "शिळी भाकरी चालेल, शिळा फळा चालायचा न्हाय," असे पुटपुटत. आणि मग उजव्या कोपऱ्यात उद्याचा वार आणि उद्याची तारीख लिहून ठेवत. मुलींना वाटे, गुरुजी सकाळी सर्वांआधी येऊन तारीख लिहितात. कुणी कधी विचारले नाही. कशाला विचारतील? तारीख ती तारीख.

मित्रांनो, हा दुसरा नियम नीट ध्यानात ठेवा.

आता त्या शुक्रवारचे सांगतो. सिद्धेश्वराच्या मैदानात, गड्ड्यावर, जत्रा भरली होती. शनिवारी सकाळची शाळा आणि पुढे चार दिवस सुट्टी, म्हणून मुलींच्या पायांत वारे शिरले होते. संमेलनासाठी गुरुजी एक गाणे रचत होते. त्यांनी माझ्यावर तीन ओळी लिहिल्या:

आई सुताचा धागा जोडी,
लेक अक्षरे जोडून पाही,
दोघी बसल्या एका ओट्यावर

"आणि पुढं, गुरुजी?" वर्गातल्या वच्छलाने विचारले.

"पुढं उद्या."

"आत्ता सांगा की! आम्ही घरी पाठ करून येतो."

"अगं, भाकरी तव्यावर हाय. कच्ची वाढू का?"

शाळा सुटली. गुरुजी एकटेच माझ्यासमोर उभे राहिले. चौथी ओळ त्यांना सुचली नव्हती, मित्रांनो! मी साक्षीदार आहे. त्यांनी अर्धी ओळ लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तर दोनच शब्द लिहिले आणि स्वतःशीच हसून म्हणाले, "न्हाय जमत गड्या. उद्या बघू." मग वरच्या तीनही ओळी पुसून टाकल्या आणि टाचा उचलून कोपऱ्यात लिहिले: शनिवार, ता. १२ जानेवारी.

जाताना त्यांनी माझ्यावर तळहात टेकला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटले, ओळ शोधताहेत. मी लाकूड. मला काय कळणार की छातीत कळ आली म्हणून ते टेकले होते? मला कळले असते तरी मी काय करणार होतो?

घरी जाताना ते वाटेत एका ओट्यावर बसले. तिथून उठलेच नाहीत.

शनिवारी पहाटे हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हते. गिरणीचा भोंगा झाला आणि धावत धावत एकटी कमलम्मा आली. त्या शनिवारी कोळसा तिच्याकडे होता. शाळा सुटल्यावर फळा घासत बसले तर गड्ड्यावरची नंदीध्वजांची मिरवणूक निघून जाईल, म्हणून तिने आधीच उरकून टाकायचे ठरवले. वर्गात नीट उजाडलेही नव्हते. कोपऱ्यात काहीतरी पांढरे दिसले, तिकडे तिने लक्ष दिले नाही. गुणगुणत गुणगुणत तिने मला वरपासून खालपर्यंत घासून काढले. काय हात चालत होता तिचा! मी ओला, काळा, चमकत उभा राहिलो. एवढ्यात बाकीच्या मुलीही जमल्या, आणि आमचा शिपाई रुद्रप्पा दारात येऊन उंबऱ्यावरच मटकन बसला.

"पोरींनो, घरी जावा," तो म्हणाला. "आपलं गुरुजी गेलं."

"कुठं गेले?" मायाक्काने विचारले. ती धनगराची, नेहमी मोठ्याने बोलणारी. रुद्रप्पा टोपी तोंडावर धरून रडू लागला, तेव्हा सगळ्यांना समजले.

मुली कितीतरी वेळ रडल्या. मग वच्छलाने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि किंचाळली, "फळा कुणी पुसला?"

"मी," कमलम्मा म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत कोळसा होता.

"अगं, त्यावर ओळ होती! काल मी पाटी विसरले म्हणून परत आले होते. खिडकीतून मी पाहिलं, गुरुजी एकटे उभे राहून लिहीत होते. चौथी ओळ लिहीत होते!"

"काहीतरी पांढरं होतं बाई," कमलम्मा पुटपुटली. "कोपऱ्यात. मी वाचलं नाही."

"वाचलं नाही? मग शाळेत येतेस कशाला? कांड्या भरायला?"

"जत्रेची घाई झाली असेल बाईसाहेबांना," मागून कुणीतरी म्हणाले.

"गुरुजींची शेवटची ओळ पुसलीस तू," वच्छला म्हणाली. "आता ती कुठून आणायची, सांग की!"

मी ओरडलो. माझ्या चारही फळ्यांनी ओरडलो. ती तारीख होती! नुसती तारीख! ओळ झालीच नव्हती! पण ओला फळा उन्हे आली की सुकताना तडतडतो, तेवढाच आवाज झाला. कमलम्माने आपल्या काळ्या हातांकडे पाहिले, ते पाठीमागे लपवले आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही.

वच्छलावर तुम्ही रागावू नका. तीही वाईट नाही. दुःख फार झाले की माणूस ते ठेवायला कुणाचातरी खांदा शोधतो, आणि कमलम्मा सर्वांत जवळ उभी होती. सुट्टीनंतर मुलींनी चौथी ओळ स्वतः करून पाहिली. मायाक्काने तर चांगली ओळ केली होती, मला आवडली. पण वच्छला म्हणाली, "ही न्हाय. गुरुजींची वेगळी होती." प्रत्येक ओळीला हेच. संमेलनात गाणे म्हटलेच गेले नाही. जी ओळ कधी नव्हती, तिच्यापुढे कोणती ओळ टिकणार?

आता गुरुजींच्या जागी बिरप्पा मास्तर आले आहेत. माणूस शांत आहे. पण शनिवारी फळा घासा असे ते म्हणाले की वर्गात सगळ्या खाली बघतात. कोळसा आणायला कुणी तयार होत नाही. म्हणून मी असा करडा पडलो. माझे मला काही वाटत नाही, खरेच सांगतो. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी धडपडतो आहे. एकदा सगळी ताकद लावून मी एका खिळ्यावरून सुटलो आणि कोपऱ्यावर आपटलो. वाटले, कुणी त्या कोपऱ्याकडे निरखून पाहील. फळीच्या चिरेत गुरुजींच्या नऊ वर्षांच्या तारखांचा चुरा बसला आहे, तो पाहील, विचार करील. बिरप्पा मास्तरांनी पाहिले आणि म्हणाले, "वाळवी लागली वाटतं." रुद्रप्पाने नवा खिळा ठोकला. झाले.

परवा कमलम्माची आई शाळेत आली होती. कुंकवाखालचा तिचा चेहरा पार ओढला होता.

"पोरगी घरात कोळशाला हात लावत नाही मास्तर," ती म्हणाली. "चूल पण पेटवत नाही. काही वाचायला दिलं तर म्हणते, मला वाचता येत नाही. पत्र घेऊन शेजारणी येतात, तर ही आत जाऊन बसते. वडील म्हणतात, मग कांड्याच भर."

"परीक्षा जवळ आली हो," मास्तर म्हणाले. "महिनाभर गैरहजेरी झाली. सोमवारी साहेब पट तपासायला येणार. सोमवारी आली तर मी सांभाळून घेतो. नाही तर नाव कमी करावं लागेल."

"सांगते. पण ती ऐकत नाही बघा. म्हणते, मी गुरुजींना पुसलं."

मी गुरुजींना पुसलं! मित्रांनो, हे वाक्य ऐकले तेव्हा मला वाटले की आपण जळणात गेलो असतो तर बरे झाले असते. जिला गुरुजींनी एकेक अक्षर हात धरून दिले, ती म्हणते की मला वाचता येत नाही. आणि जगात एकट्या मला खरे ठाऊक आहे, आणि मी भिंतीवर टांगलेला आहे. आजवर माझ्यावर हजारो शब्द लिहिले गेले. मला स्वतःला एक शब्द लिहिता येत नाही. कुणी खडूने माझ्यावर लिहील तेव्हाच मी बोलणार, आणि जे कुणाला माहीतच नाही ते कोण लिहिणार?

इतर फळे आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी सांगतात की आम्हाला स्वच्छ ठेवा, आमच्यावर रेघोट्या ओढू नका. मला तसले काही नको. माझ्यावर खुशाल रेघोट्या ओढा, मला फोडून चुलीत घाला. फक्त एक काम करा. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. साखर पेठेत जा. मारुतीच्या देवळापासून तिसरे घर. ओट्यावर निळ्या सुताच्या लडी वाळत असतात, आतून मागाचा खडखडाट येतो. दारात उभे राहून मोठ्याने हाक मारा, कारण मागाच्या आवाजात हळू बोललेले ऐकू जात नाही. ती बाहेर येणार नाही. तरी हाक मारत राहा. वच्छला वाटेत भेटली तर तिलाही बरोबर न्या, तिलाही हे ऐकायची तितकीच गरज आहे.

आणि सांगा: कमलम्मा, कोपऱ्यात "शनिवार, ता. १२ जानेवारी" एवढेच होते. गुरुजी रोज संध्याकाळी उद्याची तारीख लिहून जात. ओळ त्यांना सुचलीच नव्हती. तू काही हरवले नाहीस.

तिने विचारले, कुणी सांगितले, तर माझे नाव घ्या. तिने विश्वास ठेवला नाही तर पुन्हा सांगा. पण उठा ना, बसून काय राहिलात? आज रविवार आहे!