टकेटांचा काळा काटा

मी एक जुनं उभं घड्याळ आहे. मित्रांनो, पुढं एक शब्द बोलायच्या आधी मी माझ्या लंबकाची, दोन्ही वजनांची आणि तबकडीवरच्या सगळ्या आकड्यांची शपथ घेते, की आता सांगेन ते अक्षर न् अक्षर खरं आहे. यातलं काही खोटं निघालं, तर माझा लंबक उभ्या जागी गळून पडो! घड्याळच थापा मारायला लागलं, तर माणसांनी विश्वास ठेवायचा कुणावर?

आमच्या उभ्या जातीला हल्ली सगळं इंग्लंड 'आजोबा' म्हणतं. म्हणू दे बापडं. कूम्बफर्ड गावच्या टकेट घराण्यात मात्र मी पहिल्या दिवसापासून म्हातारीच. मला घडवलं ओबेडाया टकेटनं, म्हणजे या घराण्यातल्या पहिल्या घड्याळजीनं. पहिला ठोका दिला तेव्हा माझा आवाज फुटका, खोकल्यासारखा आला. ओबेडाया दचकला आणि म्हणाला, "अगं बाई, ही तर थेट माझी आजी!" तेव्हापासून ते नाव चिकटलं.

हा ओबेडाया लोहाराचा पोरगा. मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्र्या करता करता घड्याळाच्या नादाला लागला. माझी चाकं त्यानं पितळेच्या पत्र्यातून एक एक दात कानशीनं घासून काढली. मी उभी राहिले तेव्हा एक व्यापारी त्याला म्हणाला, "तबकडीवर लंडनचं नाव कोर. हातोहात खपेल. कूम्बफर्ड कुणाला माहितीये?" ओबेडायानं त्याच्यासमोरच कोरणी घेतली आणि कोरलं, 'टकेट, कूम्बफर्ड'. तेही एवढ्या ठसठशीत अक्षरात, की आकड्यांना अंग चोरून बसावं लागलं. मग मला कुणी घेतलंच नाही, आणि मी दुकानात राहिले. माझ्या अंगात जो ताठा आहे ना, तो असा जन्मापासूनचा आहे.

आता तुम्ही विचाराल, की गावाला वेळ कळायची तरी कशी? दुकानाच्या दक्षिणेच्या खिडकीत ओबेडायानं एक भोक पाडलेला पत्रा बसवला होता आणि खाली फरशीत पितळेची पट्टी. सूर्य डोक्यावर आला, की त्या भोकातून उन्हाचा ठिपका येऊन पट्टीवर बसायचा. झाली दुपार! सूर्य काही फार नेमाचा गडी नाही. वर्षभरात कधी पुढं पळतो, कधी मागं रेंगाळतो आणि आमच्याकडे तर आठवडे न् आठवडे तोंडच दाखवत नाही. म्हणून तर माझी गरज! तो दिसला की मी त्याच्याशी वेळ जुळवून घ्यायची आणि तो दडी मारून बसला की गाव मी सांभाळायची. टकेटांच्या खिशात एक लहान घड्याळ असे. मी तिला धाकटी म्हणते. दर शनिवारी माझ्याकडून वेळ घेऊन धाकटी चर्चच्या मनोऱ्यावर जायची. टकेट मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली द्यायचे, काटे लावायचे आणि मग सगळं गाव त्या ठोक्यावर चालायचं. पाव भट्टीत जायचे, शाळा भरायची, दारूचा गुत्ता बंद व्हायचा.

ओबेडायाच्या नातवाची बायको हेफ्झिबा. नवरा तरणाताठा गेला. गावाला वाटलं, आता दुकानाला कुलूप लागणार. हेफ्झिबानं दुखवट्याच्या काळ्या झग्यावरच नवऱ्याचं चामड्याचं एप्रन बांधलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बाकावर जाऊन बसली.

समोरचा भटारी जेथ्रो पिम दारातून डोकावून म्हणाला, "हेफ्झी, जमेल का गं तुला?"

"तुला पाव जमतात का?" ती मान वर न करता म्हणाली. "तरी भट्टी चालूच आहे ना तुझी?"

जेथ्रो असा हसला, की त्याच्या मिशांमधला मैदा माझ्या काचेवर उडाला.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि अशात रेल्वे आली.

लंडनमध्ये सूर्य आमच्या बारा मिनिटं आधी डोक्यावर येतो. आला तर आला! त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. पण रेल्वेला वाटे, की जिथं जिथं रूळ जातात तिथं तिथं लंडनचीच वेळ असली पाहिजे. हे कूम्बफर्डमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं, पण डोक्यात कुणाच्याच शिरलं नव्हतं. नगरप्रमुख सायलस स्पॅरीच्या तर अजिबात नाही, आणि त्यानं स्वतः रेल्वेचे समभाग घेऊन ठेवले होते!

पहिल्या गाडीला हिरवं निशाण दाखवायचा मान स्पॅरीचा. गाडी नऊची. लाल झगा, गळ्यात सोन्याची साखळी, मागं वाजंत्री अशा थाटात साहेब मनोऱ्याचे नऊ वाजता वाजता स्टेशनात शिरले. फलाटावर धूर होता. गाडी नव्हती. ती लंडनच्या नऊला निघून गेली होती. वाजंत्रीवाल्यांना कुणी थांबायला सांगितलं नाही, म्हणून त्यांनी सगळं गाणं त्या धुरापुढंच वाजवलं. स्पॅरीनंही नाइलाजानं निशाण हलवलं. पलीकडच्या कुरणातली एक गाय त्याला मान देऊन उभी राहिली म्हणतात.

गाव आठ दिवस हसत होतं. पोरं रस्त्यात स्पॅरी दिसला, की रुमाल हलवायची. हसू सोसत नाही, मित्रांनो, माणसाला. मग तो दोष ठेवायला कुणीतरी शोधतो. स्पॅरी तडक दुकानात आला.

"मिसेस टकेट, तुमच्या घड्याळानं माझी अब्रू घालवली!"

"माझं घड्याळ आजवर कुणाच्या अब्रूच्या वाटेला गेलेलं नाही," हेफ्झिबा म्हणाली. "गाडी लवकर गेली त्याला म्हातारी काय करील?"

"गाडी वेळेवरच गेली! तुमचं गाव मागं आहे!"

"मागं? सूर्य बघा डोक्यावर. का त्यालाही समभाग विकलेत?"

स्पॅरीचा चेहरा झग्याच्या रंगाचा झाला. "पुढच्या मंगळवारी दहा वाजता नगरसभेपुढं हजर व्हा. मनोऱ्याचं काम तुमच्याकडं ठेवायचं की लंडनची वेळ लावणारा माणूस आणायचा, याचा निकाल लागेल. आल्या नाहीत, तर काम गेलं समजा."

तो गेल्यावर हेफ्झिबा माझ्या पेटीला पाठ टेकून उभी राहिली. मनोरा गेला की टकेटांची वेळ गेली. मग आम्ही नुसते दुसऱ्याच्या वेळेला तेल घालणारे. हे तिला कळत होतं आणि मलाही.

आता सभेत मी नव्हते. मी दुकानातून हललेय कधी? पण धाकटी हेफ्झिबाच्या खिशात होती आणि घरी आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. तेव्हा हेही खरंच धरा.

आमच्या नगरसभेची एक जुनी रीत होती. मनोऱ्याचा ठोका पडल्याशिवाय सभा सुरू करायची नाही. सभासदांनी ठोके ऐकत उभं राहायचं आणि शेवटचा ठोका विरला की बसायचं. स्पॅरीनं मात्र नवं रेल्वेचं घड्याळ खिशातून काढलं, त्यात दहा वाजलेले पाहिले आणि आपल्यासारख्याच तीन समभागवाल्यांना घेऊन सभा उरकली. हेफ्झिबा गैरहजर. काम काढून घेतलं. हात वर, ठराव पास!

तेवढ्यात मनोऱ्याचे ठोके पडायला लागले. दार उघडलं. हेफ्झिबा आत आली आणि तिच्यामागं जेथ्रो, खाटीक, मद्याची पिंपं बनवणारा असे उरलेले पाच सभासद. सगळे नेहमीसारखे मनोऱ्याच्या भरवशावर निघालेले. रिवाजाप्रमाणं ठोके ऐकत ताठ उभे राहिले आणि शेवटचा ठोका विरल्यावर बसले.

"काय बसताय?" स्पॅरी ओरडला. "सभा संपली!"

"संपली?" जेथ्रोनं कान खाजवला. "सुरू कधी झाली?"

"दहाला!"

"दहा तर आत्ता वाजले, सायलस. तू उभा होतास ना ठोक्यांना?"

आणि गंमत अशी, की उभा होताच! सवयच ती जन्माची. ठोके पडले तसे स्पॅरी आणि त्याचे तिघेही आपसूक उठून हात बांधून उभे राहिले होते. खाटकानं टेबलावर अशी थाप मारली, की दौत उडाली. "म्हणजे तुम्हीही आमच्याच सभेला आलात की रे!"

पाचांनी हात वर केले. हेफ्झिबाचं काम हेफ्झिबाकडं राहिलं.

स्पॅरी खाली मान घालून निघाला, तेव्हा तिनंच त्याला हाक मारली. "मिस्टर स्पॅरी, तुमची गाडी परत चुकायला नको. मी तुम्हाला एक काटा देते."

तिनं मनोऱ्याच्या तबकडीवर आणि माझ्यावरही मिनिटाचा दुसरा काटा बसवला. काळा काटा गावाचा, लाल काटा गाडीचा. लाल काटा कायम बारा मिनिटं पुढं धावणारा.

"शेवटी खरी वेळ लावलीत तर," स्पॅरी म्हणाला.

"खरी नाही, पाहुण्याची," हेफ्झिबा म्हणाली. "पाहुणा आला तर त्याला खुर्ची देतात. घर त्याच्या नावावर करून देत नाहीत."

पुढची कितीतरी वर्षं गाडी पकडायची तर लाल काटा, रश्श्याचं भांडं उतरवायचं तर काळा, असं गाव सुखानं चाललं. लग्नं काळ्यावर लागायची आणि मधुचंद्राला लोक लालवर निघायचे.

मग कायदाच झाला. देशभर एक वेळ. मनोऱ्यावरचा काळा काटा शिडी लावून काढला गेला. हेफ्झिबा तेव्हा फार थकली होती, काठी टेकत रस्त्यात उभं राहून बघत होती. परत आली आणि तिनं मुलाला माझ्यापुढं उभं केलं. "कायदा मनोऱ्यावर चढला," ती म्हणाली. "पण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत तो आला, तर झाडूनं हाकल." तो काही आला नाही. टकेटांची पिढी न् पिढी माझा काळा काटा पुसत राहिली.

कौतुक झालं तशी हेळसांडही झाली, ती का लपवू? मनगटावरची घड्याळं आली, मग सेलवरची आली. दुरुस्तीला कुणी येईना. माझ्या डोक्यावर रिकामी खोकी रचली, पोटात छत्र्या ठेवल्या. लंबकाला छत्रीची मूठ अडकून मी एक अख्खा हिवाळा बंद होते आणि ती छत्री कुणाला लागेपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. राग आला मला. पण मी लाकडात भेग पडू दिली नाही.

आता दुकान रोवेनाकडं आहे. हेफ्झिबाच्या पणतीची लेक. एकटीच. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला, मऊ बुटांचा. माझ्याभोवती फिरला, पेटीवर टकटक केलं.

"लाकूड सुंदर आहे. मोठ्या हॉटेलात उभी करू. आतलं जुनं यंत्र काढून सेलवालं टाकायचं. आणि हा जास्तीचा काळा काटा काढून टाकू. चुकीची वेळ दाखवतोय."

रोवेनाचं छप्पर गळतंय, गुडघे दुखतात, मागं कुणी नाही. ती गप्प बसली. मित्रांनो, एवढी वर्षं मी टिकटिक केली, पण त्या गप्प बसण्याएवढी भीती मला कशाची वाटली नव्हती.

आणि ऊन पडलं! इंग्लंडात, डिसेंबरात! शपथ आधीच घेतलीये, म्हणून परत घेत नाही. नाताळच्या सुमाराला सूर्य आणि मी अगदी एका मताचे असतो. खिडकीच्या भोकातून ठिपका आला, व्यापाऱ्याच्या मऊ बुटावर चढला, उतरला आणि पितळेच्या पट्टीवर जाऊन बसला. त्याच क्षणी माझा काळा काटा बारावर आला आणि मी माझ्या फुटक्या आवाजात ठोके द्यायला लागले.

रोवेना उठून ताठ उभी राहिली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. शेवटचा ठोका विरला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, तुमच्या फोनमध्ये किती वाजलेत?"

"बारा वाजून... बारा मिनिटं."

"मग तुमची गाडी चुकेल. निघा."

"पण घड्याळ चूक आहे, बाई!"

"घड्याळाचं राहू द्या. पाय उचला आधी, आमच्या दुपारवर उभे आहात."

गाडी कसली चुकतेय म्हणा! कूम्बफर्डला येणारे रूळच कधीचे उखडलेत. स्टेशनात आता चहा न् मुरंब्याचे बन मिळतात. गेल्या वसंतात रोवेनानं त्या पत्र्याचं भोक साफ केलं, माझ्या पोटातल्या छत्र्या काढल्या आणि शनिवारी दुपारी गावातली पोरं ठिपका बघायला येतात. ठोके पडले की उभी राहतात. जेथ्रो पिमच्या पणतूचा पणतू सगळ्यांत ताठ उभा राहतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी म्हातारं असेल, तर त्याला तेल घाला, किल्ली द्या, त्याच्या पोटात छत्र्या कोंबू नका. बिघडलं तर दुरुस्त करा. पण जग पुढं गेलं म्हणून त्याला 'बरोबर' करायला जाऊ नका. ते कुठल्या सूर्याशी वेळ जुळवून आहे, हे आधी विचारा.

आता शेवटचं, जरा हळू आवाजात. ती बारा मिनिटं म्हणाले ना, ती अकराच आहेत. व्यापाऱ्याच्या फोनवरही अकराच होती. हेफ्झिबा आणि स्पॅरीचं भांडण इतकं रंगलं, की बारावं मिनिट मी माझ्या पदरचं घातलं. बाकी सगळं खरं, गाईसकट.

आणि लंबक म्हणाल, तर तो अजून जागेवर आहे. या, बघून जा.