मोरपंखी काठाची न्हाणी

मी न्हाणी बोलतेय, काष्टीच्या काकासाहेबांच्या मळ्यातली. हसू नका! घरातली देवखोली बोलली असती तर तुम्ही हात जोडून ऐकलं असतं. मग माझंही ऐका. वयानं मी अजून लहान आहे, पण तेवढ्यात माझे दोन जन्म झालेत!

दुष्काळ सरला आणि त्र्याहत्तरच्या पावसानं मळ्यातली विहीर भरली. बंद पडलेली मोटर पुन्हा धडधडायला लागली. तेव्हाच मी काकासाहेबांच्या मनात आले. त्याआधी घरातल्या बायका गोठ्यामागं गोणपाटाच्या आडोशाला, उजाडायच्या आत अंघोळी उरकायच्या. काकासाहेबांच्या आईचं, रंगूबाईचं, मात्र अवघड झालं होतं. तिची नजर विझत चालली होती. उजेड, अंधार आणि ठळक रंग, एवढंच कळायचं. सून झुंबरबाई तिला हाताला धरून आडोशाला न्यायची, अंगावर पाणी घालायची. जन्मभर दुसऱ्यांचं करत आलेल्या त्या बाईला हे सोसेना. "आज नगं, अंग कसंतरीच हाय," म्हणून ती अंघोळच टाळायची.

काकासाहेब भिंगारच्या लष्करी छावणीत भाजीपाला पोचवायला जायचे. तिथं एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्यांना हात धुवायला आत नेलं आणि ते घरी आले ते उड्या मारतच.

"आगं, सगळं पांढरं!" ते झुंबरबाईला सांगत होते. "भित पांढरी, जमीन पांढरी, बादलीबी पांढरी. दुधात हुबं राह्यल्यावानी वाटतं! आईला तसली न्हाणी बांधायची."

"समदंच पांढरं?" झुंबरबाई म्हणाली. "आन् आत्याबाईंला दिसायचं कसं?"

"पांढऱ्याहून लखलखीत काय आसतं? तूच सांग."

झाला माझा पहिला जन्म! घराच्या मागच्या ओट्याला लागून पुंजाराम गवंड्यानं विटा चढवल्या, वर स्लॅब टाकला, स्लॅबवर सिमेंटची टाकी बसवली. नगरहून भाताच्या पेंढ्यात गुंडाळून चकचकीत पांढऱ्या फरश्या आल्या. भिंतीला त्याच, खालीही त्याच. नळ निकेलचा. शेवटची फरशी पुसली तेव्हा माझी मलाच ओळख पटेना. शनिवारी बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून मला बघायला आली. कुणी भिंतीत तोंड बघून मिशी सारखी केली, कुणी उगाच नळ सोडून बंद केला. मी तर फुलून गेले होते!

मग काकासाहेबांनी आईला आणलं.

रंगूबाईनं उंबरा ओलांडला आणि ती थांबली. हात पुढं करून चाचपडली. भिंत कुठं संपते आणि जमीन कुठं सुरू होते, तिला काही उमगेना. पांढऱ्या भिंतीवरचा पांढुरका नळ तर तिच्या लेखी नव्हताच.

"आरं बाबा, मला ढगात आनून सोडलंस का काय?" ती म्हणाली, आणि दुसरं पाऊल टाकताच तिचा पाय सर्रकन् निसटला. काकासाहेबांनी कमरेला मिठी घातली म्हणून डोकं वाचलं. गुडघा मात्र माझ्या त्या गुळगुळीत फरशीवर आपटलाच.

बाहेर चार माणसं उभी होती. रंगूबाई लेकाच्या खांद्याला धरून उठली, लुगडं सारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लई झ्याक बांधलीय. माझाच पाय वाकडा पडला."

लेकाची मान खाली जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली. पण लेकाला ते कळलं. लोक गेल्यावर काकासाहेब माझ्या दारात बसून राहिले. झुंबरबाई चहा घेऊन आली, शेजारी टेकली. 'मी म्हणलं हुतं' असं ती एका शब्दानं म्हणाली नाही.

"तू सांगशील तसं करू," तेच म्हणाले.

"मी न्हाई सांगायची," झुंबरबाई म्हणाली. "आत्याबाई सांगतील."

दुसऱ्या दिवशी अंगणात गंमतच झाली! झुंबरबाईनं दोरीवर पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर एकेक लुगडं टाकत गेली. रंगूबाईला समोरच्या ओट्यावर बसवलं.

"आत्याबाई, ह्यो रंग कोनता?"

"कायतरी पिवळट... न्हाई, न्हाई दिसत."

"आन् ह्यो?"

"मोरपंखी!" म्हातारी ओट्यावरून अर्धी उठली. "आगं, ठनठनीत दिसतोय की! काठ कुठं सुरू झाला त्येबी दिसतंय!"

लाल दिसला. पण लालावर हिरवं टाकलं की दोन्ही एकमेकांत बुडाले. काळ्यावर पिवळं मात्र लांबूनही ओळखलं. काकासाहेब स्वतः घरातून कपडे आणून देत होते. शेवटी तर त्यांनी डोक्याचा फेटा काढून दोरीवर टाकला आणि म्हातारीला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. मी मागच्या बाजूनं ऐकत होते. माझं काय होणार, याची धाकधूक होती. पण हसण्याचा तो आवाज ऐकून वाटलं, होऊ दे काय व्हायचं ते!

पुंजारामनं छिन्नी चालवली. दुखलं, खोटं कशाला बोलू? माझी सगळी जमीन उखडली, भिंतीतल्या फरश्यांची एक रांग निघाली. "मालक, नवी कोरी हाय वो," पुंजाराम हळहळत होता. "फोड," काकासाहेब म्हणाले आणि दुसरी छिन्नी घेऊन स्वतःच त्याच्याशेजारी बसले.

मग मी नव्यानं सजले. खाली लाल सिमेंटचा कोबा झाला. तो ओला असतानाच सुंभाची दोरी दाबून त्यावर आडव्याउभ्या रेघा उठवल्या, म्हणजे ओला पायही घट्ट बसेल. भिंती पांढऱ्याच राहिल्या. पण रंगूबाईच्या हाताच्या उंचीवर मोरपंखी फरश्यांची एक पट्टी आली. दारापासून निघून ती थेट नळापाशी जाते. नळामागं काळ्या कडप्प्याचा तुकडा बसवला आणि त्यावर पितळी नळ. लाल जमिनीवर ठेवायला झुंबरबाईनं बाजारातून पिवळीधमक प्लॅस्टिकची बादली आणली. सगळं लावून झाल्यावर ती दारात उभी राहिली, मान तिरकी करून बघत म्हणाली, "आंग, काठ, पदर. झालं लुगडं!"

आणि तो दिवस आला! दुपारची वेळ, झरोक्यातून ऊन आत पडलेलं. बंबातलं कढत पाणी आणून ठेवलं होतं. रंगूबाई दारात आली. झुंबरबाईनं सवयीनं हात पुढं केला.

"राहू दे," म्हातारी म्हणाली.

तिनं पट्टीवर हात ठेवला. एक पाऊल. मग दुसरं. बोटं माझ्या मोरपंखी काठावरून सरकत होती आणि मी श्वास रोखून उभी होते! नळाजवळ ती थांबली, वाकली, आणि न चाचपडता तिनं पितळी नळ पकडला. "हितं हाईस व्हय रं!" ती नळाला म्हणाली. मागं वळून दार लोटलं, कडी घातली.

बाहेर ओट्यावर दोघं कान देऊन बसली होती. पाण्याचा आवाज आला. पुन्हा आला. बऱ्याच वेळानं काकासाहेबांना राहवेना. "आई, बरी हाईस ना?"

"कढत पानी संपलं!" आतून खणखणीत हाक आली. "आजून आना!"

ओट्यावर नवराबायको एकमेकांकडे बघून हसली आणि दोघंही एकदमच बंबाकडे धावली.

माझं भाग्य एवढ्यावर थांबलं नाही. उसाची तोड सुरू झाली तशी पाथर्डीकडची माणसं मळ्याच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, करून राहिली. त्यांतली लंकाबाई तान्हं पोर घेऊन पाणी मागायला आली. पोराच्या अंगावर उसाच्या पाल्याची बारीक कूस लागून पुरळ उठलं होतं, ते रडून लाल झालेलं. रंगूबाईनं रडणं ऐकलं आणि ताडकन् उठली. मला मागाहून कळलं, की नजर जायच्या आधी आळीतली निम्मी पोरं हिनंच न्हाऊ घातली होती.

"आन हिकडं त्येला."

लंकाबाई दाराशी घुटमळली. "आवं, फरशी खराब हुईल."

"धुवायलाच बांधलीय. ये आत."

लाल कोब्यावर पाय पसरून रंगूबाई बसली. पायांवर पोर घेतलं. तेल, कोमट पाणी, मऊ हाताची चोळण. बोटं काही विसरली नव्हती. पोर आधी किंचाळलं, मग हुंदके देत देत गप्प झालं. तिनं ते दोन्ही हातांनी उचलून माझ्या पांढऱ्या भिंतीसमोर धरलं. ओलं, सावळं, तुकतुकीत अंग.

ती बघतच राहिली.

"झुंबर!" तिनं हाक मारली, "आगं, दिसतंय मला! डोकं दिसतंय, हात दिसतात... बघ, मूठ वळतंय!"

लंकाबाईला काही समजेना. झुंबरबाई मात्र धावत आत आली आणि सासूच्या शेजारी टेकली.

आता रोज दुपारी माझ्या दाराशी कोप्यांवरच्या आया रांगेत बसतात. तुम्ही घर बांधत असाल तर एवढंच सांगते, आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, त्यांना काय दिसतं ते. बाकी गप्पा पुढं कधी तरी. रंगूबाईनं पदर खोचलाय, बाहेर कुणाचं तरी रडणं सुरू झालंय, आणि बंबातलं पाणी उकळायला लागलंय. सरका बरं जरा, लेकराला आत येऊ द्या!