शेजारच्या सीटचा ब्रेक

चष्मेवाल्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बिघडलं मात्र डोकं, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची. खरं तर डोकं जागेवर होतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की डावा पाय चालण्याफिरण्याला ठणठणीत आहे, पण गाडीचा क्लच दाबायचा विचार आता सोडा. आता तुम्हीच सांगा, जो माणूस बावीस वर्षं रोज सकाळी बायकोला कामावर सोडून मग आपलं चष्म्यांचं दुकान उघडत आला, त्याला हे एवढंच कसं वाटेल?

गाडी काही आजकालची नव्हती. रंग मूळचा निळा, आता कोणता म्हणायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. मागचं एक दार आतून उघडत नसे आणि दुसरं बाहेरून, त्यामुळे पाहुणे एका बाजूनं चढत आणि दुसऱ्या बाजूनं उतरत. पण इंजिन असं की किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ देणार. चष्मेवाले तिला कधी जुनी म्हणत नसत. मुरलेली म्हणत.

त्या गाडीचा वैद्य म्हणजे गॅरेजवाला पाना. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल. कानामागे पेन्सिल खोचावी तसा खिशात सदा एक पाना खोचलेला, म्हणून पाना. त्यानं उपाय सांगितला. "काका, आता एक बटण निघालंय. गिअरच्या मुठीवर बसवायचं. बोटानं दाबलं की खाली मोटर क्लच दाबते. पाय नुसता बाजूला ठेवून मजा बघायची."

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. मग पान्यानं खर्च सांगितला आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सगळी गाडी विकली असती तरी तेवढे आले नसते.

मेहुण्यानं तर हात जोडले. "भावोजी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? द्या भंगारात आणि सुटा."

"नाकापेक्षा मोती जड, हे मलाही कळतं," चष्मेवाले म्हणाले. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. सोमवारी बटण बसवायचं ठरायचं, मंगळवारी रद्द व्हायचं. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे फ्रेमची काडी वाकवताना ते विचारायचे, "गाडीला एवढा खर्च करावा का हो?" गिऱ्हाईक बिचारं मान हलवायला भ्यायचं, आणि त्याचं गप्प राहणं ज्या दिवशी जसं हवं तसं चष्मेवाले समजून घ्यायचे.

पैशाची भीती होती, नाही असं नाही. पण आत टोचत होतं ते दुसरंच. आपण बायकोला सोडतो, आणतो, म्हणून आपला तिला उपयोग आहे, असं त्यांच्या मनानं कधीचंच धरून ठेवलं होतं. ते चाक हातातून गेलं, तर मग आपण कोण? पिशवी. शेजारच्या सीटवर ठेवायची आणि उतरताना उचलायची.

बायको एका लॅबसाठी घरोघर जाऊन तपासणीचं रक्त घ्यायची. अंगानं एवढीशी, पण हात असा हलका की सुई कधी गेली आणि कधी आली ते पेशंटला नंतर कळायचं. धीट दिसणारी माणसंच सुई बघून जास्त घाबरतात, असा तिचा अनुभव. अशांसाठी तिच्या पिशवीत रबरी चेंडू असे. "हा घट्ट दाबून धरा, म्हणजे रक्त नीट येतं," ती सांगायची. रक्त चेंडूशिवायही येतंच. पण माणूस घाबरला की त्याला काहीतरी दाबायला द्यावं, मग तो आपल्याला आपलं काम करू देतो, असं ती घरी येऊन हसत सांगायची. चष्मेवालेही हसायचे.

तर ही बायको एके दिवशी म्हणाली, "तुमचं बटणाचं ठरेपर्यंत मी गाडी शिकते."

चष्मेवाल्यांना हसू आवरेना. पण ती शिकली, आणि पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आली. चष्मेवाल्यांना स्वतःला ते दुसऱ्या खेपेला मिळालं होतं, पण ती गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही आणि त्यांनीही काढली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती चाकावर आणि हे शेजारी. तिनं पाठीमागे एक जाड उशी लावली, खाली चादरीची घडी घेतली. बायकांना उशा लागतातच, असं चष्मेवाल्यांनी मनाशी म्हटलं आणि विषय संपवला. त्यांना दुसरी कामं होती. कोपरा आला की "हळू." चौक आला की "अगं, हळू." समोर शंभर हातांवर एखादी म्हातारी रस्ता ओलांडायचा नुसता विचार करत असली तरी "ब्रेक दाब, ब्रेक." आणि म्हणताना यांचा उजवा पाय खाली असा रुतायचा की तिथलं मॅट फाटून पत्रा दिसायला लागला. तिकडे तिची तारांबळ व्हायची, गाडी आचका देऊन बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि हे म्हणायचे, "बघ, म्हणून सांगत होतो."

आठवडाभर तिनं मूग गिळले. मग एका सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली, तेव्हा तिनं हात मांडीवर ठेवले.

"अहो, रक्त घेताना कोणी माझ्या कानाशी असं बोललं असतं ना, तर मी आजवर अर्ध्या गावाला भोसकलं असतं. एक तर तुम्ही बोलू नका, नाहीतर बसू नका."

चष्मेवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन ते बराच वेळ गुडघा चोळत बसले. गुडघा दुखत नव्हता.

दोन दिवसांनी ती गाडी पान्याकडे घेऊन गेली आणि परत आली तेव्हा शेजारच्या सीटपुढे एक पेडल बसवलेलं होतं. काळं, रबर लावलेलं, दणकट.

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा ब्रेक आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं तर तुम्ही दाबा. मात्र तोंडानं काही बोलायचं नाही."

"खर्च?"

"माझा मी केला."

चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. खाली वाकून बघायची हौस होती, पण गुडघा कुठला वाकतोय? त्यांनी पायानंच चाचपून पाहिलं. दाबलं की कुईं करून खाली जायचं आणि सोडलं की वर यायचं. झकास काम.

त्या दिवसापासून गाडीत शांतता आली. कोपरा आला की कुईं. चौक आला की कुईं कुईं. गाडी बंद पडणं थांबलं. पुढं पुढं तर ती चालवता चालवता गुणगुणायलाही लागली, आणि चष्मेवाल्यांनी मनात म्हटलं, आपला पाय ब्रेकवर आहे म्हणून हिला धीर आलाय.

आणि मग तो कुत्रा आला. उभ्या केलेल्या टेंपोच्या आडून एकदम चाकापुढे. चष्मेवाल्यांनी असा पाय दिला की कुईंऐवजी किंचाळीच निघाली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुत्रा दोघांकडे बघून शांतपणे पलीकडे गेला.

"दाबला म्हणून वाचला," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही होतात म्हणून," बायको म्हणाली.

झालं. महिनाभर दुकानात येईल त्याला कुत्र्याची गोष्ट. चष्मा राहिला बाजूला. गोष्टीतला कुत्रा वाढत वाढत वासराएवढा झाला. आणि सांगता सांगता चष्मेवाल्यांचं मनही ठरलं. शेजारच्या सीटवरून जो गाडी थांबवू शकतो, तो चाकावर बसला तर काय करील? होऊ दे खर्च. बटण बसवायचंच.

योगायोगानं गाडी त्या दिवशी पान्याकडेच होती. पुढच्या काचेतून पाणी झिरपून खालचं मॅट भिजलं होतं, म्हणून बायको सकाळी ठेवून गेली होती. दुकान बंद करून चष्मेवाले गॅरेजवर पोचले. पाना चहाला गेलेला. शेजारची सीट काढून भिंतीला टेकवलेली, मॅट बाहेर वाळत घातलेलं, आणि गाडीचा तळ उघडा.

पेडल होतं. पेडलखाली लोखंडाची एक पट्टी, तिला दोन स्क्रू, एक स्प्रिंग. आणि पुढे काही नाही. तार नाही, दांडा नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पुसलेल्या काचेतूनही तेच दिसलं.

त्यांना आधी राग आला, चांगला कानापर्यंत आला. आपल्याला शेंडी लावली. सगळं गाव हसत असणार. मग तो रबरी चेंडू आठवला, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

ते चाकामागच्या सीटवर टेकले. पाठीला काहीतरी ढोसलं. बायकोची उशी. ती काढली, खालची चादर काढली, आणि कित्येक महिन्यांनी आपल्या जागेवर नीट बसले. अगदी अंगासरशी बसत होती सीट. बसणारच. एकदा चढावर ती घसरली होती, तेव्हा त्यांनीच पान्याला सांगून पार मागे बोल्टनं पक्की करून घेतली होती. पान्यानं विचारलंही होतं, कधी पुढे घ्यायची झाली तर? आणि हे म्हणाले होते, "दुसरं कोण बसणार आहे?"

त्यांनी पाय लांबवून खरा ब्रेक पाहिला. त्यांचा पाय आरामात पोचला. तिचा? उशी लावून, चादर घेऊन, फार तर चवडा पोचत असेल. त्या चवड्यावर तिनं तो कुत्रा वाचवला. आणि वर म्हणाली, तुम्ही होतात म्हणून.

उभा जन्म दुसऱ्यांच्या नाकाकानांचं माप घेण्यात गेला. काडी जरा टोचली तर परत या म्हणून गिऱ्हाइकाला बजावत आले. आणि रोज हाताच्या अंतरावर बसणाऱ्या बायकोला सीट लांब पडतेय हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चष्मेवाल्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि बायकोचा त्याहून जास्त अभिमान वाटला.

पाना परत आला, काढलेली सीट, उघडं पेडल आणि काका असं सगळं एकदम पाहिलं, आणि हातातला चहाचा कप त्यांनाच देऊन टाकला.

"काका, काकूंनी शपथ घातली होती."

"हसलास का रे?"

"पहिल्या दिवशी," पाना म्हणाला. "मग नाही. काकू म्हणाल्या, ते शेजारी नसले तर मला चालवायला भीती वाटते. पण बोलले तर जास्त वाटते. दोन्हीच्या मधलं काहीतरी कर."

चष्मेवाल्यांनी चहा संपवला. बायकोचं पहिलं वाक्य त्यांनी मनात दोनदा ऐकून घेतलं.

"बटण नको," ते म्हणाले. "त्यासाठी काढलेले पैसे इथं घाल. ही सीट पुढेमागे, वरखाली सगळी हलली पाहिजे. तिच्या मापाची कर. आणि त्या पेडलच्या स्प्रिंगला तेल घाल, फार कुरकुरते."

"पेडल काढू नको?"

"काढ म्हणालो का मी?"

दोन दिवसांनी सकाळी बायको गाडीत बसली आणि उशी शोधायला लागली.

"घरात ठेवली," चष्मेवाले म्हणाले. "सीटच्या बाजूला दांडी आहे, ओढून बघ."

तिनं ओढली. सीट पुढे आली, दुसऱ्या दांडीनं वर आली, आणि तिचा अख्खा पाय ब्रेकवर सपाट टेकला. मग आरसा नीट करायला लागली, आणि जरा जास्तच वेळ करत राहिली.

पहिल्याच वळणावर एक सायकलवाला हात न दाखवता मध्ये घुसला. चष्मेवाल्यांनी सवयीनं पाय दाबला. गाडी अलगद थांबली, आचका न देता. कुईं झालं नाही.

"तुम्ही होतात म्हणून," तीही सवयीनं बोलून गेली, आणि मग तिनं कान टवकारले. तिनं खाली पेडलकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "आज वाजला नाही."

"तेल घालून घेतलं."

"म्हणजे पाहिलंत."

"पाहिलं. सीट काढलेली होती."

तिचा चेहरा उतरला. "मग काढून टाकायला सांगू का पान्याला?"

"राहू दे. मला लागतो तो," चष्मेवाले म्हणाले. "मी नुसता दाबतो. थांबवतेस तू. तो कुत्रासुद्धा तूच वाचवलास, आज दुकानात सगळ्यांना सांगणार आहे."

"वासराएवढा होता, तेही सांगा," ती म्हणाली आणि पहिला गिअर टाकला.