डालग्यावरचा पाटा

मालूने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ती ऐकायची नाही, हे वेवजी गावच्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी तिने मनावर घेतली होती ती आठ अंडी.

अंडी बदकाची होती. तिचा नवरा भीमा वर्षापूर्वी गेला. त्याने हौसेने पाळलेली बदकंही त्याच्यामागोमाग एकेक करून संपली, शेवटची जोडी तर गेल्याच आठवड्यात तळ्यावर कुत्र्यांनी फाडली. मागे उरली पेंढ्यात घातलेली ही अंडी. भीमाच्या हातचं असं घरात आता तेवढंच होतं, आणि त्यातून पिल्लं निघालीच पाहिजेत असा मालूचा हट्ट होता.

तिच्या सुनेची, शितलची, ठिपक्यांची कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. तिला पडवीत भिंतीला लागून अंड्यांवर बसवली. मग मालूने जो बंदोबस्त केला, तो मंत्री आला तरी होत नाही. उवा पडू नयेत म्हणून पेंढ्यात निरगुडीचा पाला घातला, घुशीचं बीळ दगडांनी बुजवलं, मुंगूस येईल म्हणून वरून बांबूचं डालगं पालथं घातलं. लाल मुंग्यांसाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत चुलीतल्या राखेचं अर्धं कडं ओढलं. दुपारची झोपही तिने सोडून दिली.

कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, बदकाचं अठ्ठावीस घेतं. पण हे कोंबडीला कोण सांगणार? बाविसाव्या दिवशी ती अंड्यांवरून उठून डालग्यात घिरट्या घालायला लागली. शेजारची चंद्रिका म्हणाली, "तिचे दिवस भरले, आता नाय बसायची. वर वजन ठेव. माझी सासू असंच करायची." मालूने मसाला वाटायचा पाटा उचलून डालग्यावर ठेवला. दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती कोंबडी बाहेर, की पुन्हा आत.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी कोंबडी ओरडायला लागली. नेहमीची कुरकुर नव्हती ती. घसा फाटेल असा आवाज, आणि आतून धडका. पाटा हलत होता.

शितल घोलवडला चिकू तोडायला निघाली होती. रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी ती थबकली.

"आई, आज काय तरी वेगळंच वरडते ती. एकदा उचलून बघा ना."

"उचललं की पळेल. उद्या-परवा पिल्लं फुटायची. अंडी गार पडली तर?"

"पण आई..."

"तू जा. टेम्पो जाईल."

शितल गेली. धडका थांबेनात, म्हणून मालूने पाट्यावर वरवंटाही ठेवला. "बस गप," ती कोंबडीवर खेकसली. "एवढे दिवस काढलेस, एका दिवसाने काय मरतेस?" तरी राहवेना म्हणून ती वाकून राखेचं कडं बघून आली. राख जशीच्या तशी होती, तिच्यावर एक मुंगी नव्हती. तिने स्वतःची समजूत घातली.

बाराच्या सुमारास ओरडणं थांबलं. बसली एकदाची, असं म्हणत मालूने भात वाढून घेतला. पण खुडूक कोंबडी जवळ गेलं की गुरगुरते; ही गुरगुरली नव्हती. मालू ताट सारून उठली आणि डालग्यावर बोटाने टकटक केलं. आतून काहीच आवाज आला नाही.

तेव्हा तिचं लक्ष डालग्यामागे गेलं. भिंत आणि जमीन यांच्यामधल्या भेगेतून लाल मुंग्यांची बोटभर रुंद रांग आत जात होती, बाहेर येत होती. राखेला त्यांनी पायसुद्धा लावला नव्हता. बाहेर येणाऱ्या एका मुंगीच्या तोंडात ओलं, पिवळं लवेचं सूत होतं.

मालूने पाटा, वरवंटा, डालगं सगळं भिरकावलं. पिल्लं एक दिवस आधीच फुटायला लागली होती. सात अंड्यांना चोचीने पाडलेली भोकं होती आणि प्रत्येक भोक मुंग्यांनी भरलेलं होतं. कोंबडी पंख पसरून अंड्यांवर आडवी पडली होती. तिचे डोळे सुजून मिटले होते. मालूने तिला उचललं तेव्हा मान लोंबली.

पंखाखाली आठव्या अंड्यातून बाहेर आलेलं एक पिल्लू हलत होतं. मालूने ते पाण्यात बुडवलं, त्याच्या अंगावरच्या मुंग्या नखांनी एकेक उपटल्या. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत पेटले होते. ती मोठमोठ्याने रडत होती, आणि भीमासाठीही ती इतकी रडली नव्हती.

संध्याकाळी शितल आली. "तुझी कोंबडी मी मारली," मालू म्हणाली. शितलने कुदळ घेतली आणि परसात खड्डा खणला. मालू कोंबडी घेऊन मागोमाग निघाली, तशी तिच्या पाठीमागे बारीक चिवचिव सुरू झाली. पदराच्या उबेत सुकवून तिने टोपलीत ठेवलेलं ते पिल्लू बाहेर पडून धडपडत तिच्या मागे येत होतं. डोळे उघडल्यावर त्याने मालूचंच तोंड पाहिलं होतं.

"मी नाय रे," मालू म्हणाली. "मी नाय तुझी आई. जा."

पिल्लू आलं आणि तिच्या पावलावर चढून, मान आत ओढून, डोळे मिटून बसलं. खड्ड्यात माती लोटायची होती, पण मालूला पाय हलवता येईना.