उपाशी लोखंड

उइबाननं न उडालेलं काडतूस उजेडात धरलं आणि त्याच्या बुडाच्या टोपीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"टोचलंय, पण नुसत्या गुदगुल्या केल्यासारखं," म्हातारा म्हणाला. "काडतूस निर्दोष आहे. आतल्या सुईला जोर नाही."

बापलेक पडवीतच बसले होते. मागं उबेनं भरलेलं घर, पुढं गारठ्यानं पांढरं पडलेलं रान. बंदूक आत न्यायची नसते. उबेत तिचं दुखणं लपतं, रानात गेलं की पुन्हा उभं राहतं.

"बाबा, हातमोजे तरी घाला."

"हातमोज्यांना नाडी कळते का रे?"

एर्चिम हसला नाही. काल एल्क जातीचं थोराड हरीण त्याच्या अगदी समोर उभं होतं. चाप ओढला, तर नुसतं कट्. पुन्हा कट्. जनावर शांतपणे झाडीत गेलं आणि हिवाळ्याचं मांस त्याच्या पाठोपाठ गेलं. गावात कुणी म्हणालं, रानाचा धनी बायानाय रुसला. कुणी हळूच म्हणालं, म्हाताऱ्याच्या हातची बंदूक ती. परवा स्वतःच्याच दारात उभा राहून हे घर कुणाचं म्हणून विचारत होता. उद्या पहाटे शिकाऱ्यांची टोळी निघणार होती. बापाला सोबत घ्यायचं की नाही, हे एर्चिमनं सांगायचं होतं.

उइबाननं बंदुकीचा मागचा दट्ट्या, बोल्ट, बाहेर ओढला, पिळून सुई आणि स्प्रिंग वेगळी केली. स्प्रिंग दाबून पाहिली. ठणठणीत. मग सुई बसते त्या बोल्टच्या पोकळीत काडी फिरवली. काडीला पिवळट, चरबीसारखा थर आला.

"हे बघ! तेल! गारठ्यात थिजून सुईला धरून बसलंय. कुठल्या शहाण्यानं घातलं? हिवाळ्यात लोखंड उपाशी ठेवावं. रॉकेलनं धुवावं, कोरडं पुसावं. शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

थर बोटांत चोळून, तोंडाच्या वाफेनं ऊब देऊन त्यानं वास घेतला. हात तिथंच थांबला.

वास एर्चिमलाही आला. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा. आई जाऊन दोन हिवाळे झाले होते. मशीनमध्ये दोरा नव्हता, तरी बर्फ पडण्याआधी म्हातारा तिला तेल घालायचा. यंदा त्याच टेबलावर बंदूकही होती.

एर्चिम बर्फाकडे बघत म्हणाला, "मीच घातलं, बाबा. घाईत."

"तू?"

"हो."

म्हाताऱ्यानं बोटं पुन्हा एकदा नाकाशी नेली.

"गाढव आहेस."

"आहेच."

"तिनंच लाडावून ठेवलं तुला."

मग त्यानं एकेक भाग रॉकेलात धुतला, तान्ह्याचं अंग पुसावं तसा पुसला. बोटं लाल झाली, पण एकही भाग चुकला नाही. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला. टक्क. स्वच्छ, कोरडा आवाज.

"बोलली," तो म्हणाला. बंदूक लेकाच्या मांडीवर ठेवून उठला. "उद्या तू ने. मी चूल बघतो. बायानायच्या नावानं विस्तवाला लोण्याचा घास कुणीतरी द्यायला हवा."

तो आत गेला. परत आला तेव्हा हातात लांब चोचीची छोटी तेलाची डबी होती. ती त्यानं एर्चिमच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"कुठंतरी ठेव. मला सापडणार नाही अशी."

दाराशी जाऊन तो वळला.

"पण बर्फ पडायच्या आधी तिच्या मशीनला थेंबभर घालत जा. गंज चढायला नको."