चालू असतानाच टिचकी

समजा बाळांनो, आडव्या ताणलेल्या एकाच दोरीला दोन बोल्ट धाग्यांनी टांगले आहेत. एकाला झोका द्या आणि पाहत राहा. तो हळूहळू थांबतो, आणि कोणी हातही न लावलेला दुसरा झुलू लागतो. क्वांटम संगणकातले इवले कण असेच, न सांगता एकमेकांशी देवघेव करतात. ती अडवून प्रत्येक पायरी हुकुमाने करून घेतली, म्हणजे डिजिटल रीत धरली, तर हुकूम वाढतात आणि चुकाही. कण नुसते मोकळे सोडले, म्हणजे अ‍ॅनालॉग रीत धरली, तर ते आपल्याच मनाचं करतात. म्हणून तिसरी रीत: देवघेव चालू ठेवायची आणि नेमक्या क्षणी एखाद्यालाच टिचकी मारायची.

लकडगंजच्या एका शाळेत सातवीतल्या अपेक्षाने आणि तिची मैत्रीण रोशनी हिने ही रीत दाखवायला बोल्ट टांगले होते. बोल्ट काही क्वांटम नव्हते, युक्ती तेवढी तीच. शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. तो आपला असावा म्हणून अपेक्षा दिवाळीतही फटाक्यांकडे फिरकली नव्हती.

परीक्षक कृष्णकांत सर आले. "बटण कुठं आहे वं याचं?"

"बटण नाही सर," अपेक्षा म्हणाली.

"कपडे वाळत घालून राहिली ते!" शेजारच्या टेबलावरून, आपल्या बटणाच्या दिव्यांमागून उन्मेष ओरडला. सगळे हसले.

"डिजिटलचे टेबल तिकडे, अ‍ॅनालॉगचे इकडे," सर म्हणाले. "तुझं कशात?"

"दोन्हीत, सर."

"म्हणजे कशातच नाही." त्यांनी झुलणारा बोल्ट मुठीत पकडला. "मार आता टिचकी."

"धरू नका ना सर! चालू असतानाच मारायची असते. धरलं का सगळ्यांची लय मोडते."

"पाहा, बंद पडलं," सर मुलांना म्हणाले. "आणि मलेच शिकवून राहिली! रोशनी, तूही होती ना यात?"

रोशनीने मान खाली घातली. "मी नुसते धागे बांधले सर. मले यातलं काही नाही समजत."

खरं तर टिचकीचे क्षण रोशनीनेच शोधून काढले होते.

सरांनी कात्रीने दोरी कापली. बोल्ट फरशीवर घरंगळले. "हे टेबल उन्मेषले द्या. जिल्ह्याले त्याचेच दिवे जातीन." मुलांनी टाळ्या वाजवल्या. रोशनीनेही.

अपेक्षा सगळ्यांसमोर रडली. मग गुडघ्यांवर बसून तिने बोल्ट वेचले, दोरीला गाठ मारली आणि एक टोक दाराशेजारच्या खुर्चीच्या पाठीला बांधलं. दुसरं टोक धरायला रोशनी पुढे झाली. अपेक्षाने तिच्या बोटांतून दोरी हिसकून घेतली, सरांना ज्या दारातून बाहेर जायचं होतं त्याच दाराच्या कडीला आडवी बांधली आणि पहिल्या बोल्टला झोका दिला.